अकरा शिंका आणि एक बेवारस कोट

माझ्याबद्दल मीच सांगितलं तर ती आत्मस्तुती होते, हे मला ठाऊक आहे. पण दुसरं कोणी सांगतच नाही, तेव्हा नाइलाज आहे. माझी नजर अतिशय तीक्ष्ण आहे. समोरच्याच्या बुटांवर चिखल दिसला की हा माणूस चिखलातून आला आहे, हे मी बसल्या जागी ओळखतो. कपाळ रुंद आहे आणि दर वर्षी थोडं आणखी रुंद होतं. स्मरणशक्ती अशी, की एकदा पाहिलेला चेहरा विसरत नाही, फक्त तो कोणाचा हे आठवायला वेळ लागतो. दिवसा मी बस डेपोच्या हरवलं-सापडलं खात्यात कारकून म्हणून बसतो. जग मला कारकून समजतं. गुप्तहेराला याहून चांगलं वेषांतर मिळणं कठीण आहे, शिवाय याचा पगारही मिळतो.

घरचे मला भुंगा म्हणतात. लहानपणी मी सगळ्यांच्या कानाशी प्रश्न विचारत गुणगुणायचो म्हणे. थोर माणसांना घरात किंमत नसते, एवढंच मी यावर म्हणेन.

माझ्या कोटाबद्दल मात्र बोललंच पाहिजे. आमच्या खात्यात तो तीन वर्षं बेवारस लटकत होता. लोकरीचा, गुडघ्याखाली पोचणारा, सहा खिशांचा. मुदत संपल्यावर साहेब म्हणाले, "कोणीतरी घेऊन जा रे हे अस्वल." मी घेऊन गेलो. तेव्हापासून मी तो एकदाही धुतलेला नाही. धुण्याने पुरावे नष्ट होतात, हे शाळकरी पोरालाही कळतं. आमच्या गल्लीतल्या लाँड्रीवाल्याला तेवढं कळत नाही. गेल्या सोमवारीही त्याने मला अडवलं.

"साहेब, कोट टाका धुवायला. निदान या दिवसांत तरी टाका."

"या दिवसांत म्हणजे?" मी डोळे बारीक केले.

त्याने तोंडावरचा रुमाल नीट केला आणि नुसता माझ्या कॉलरकडे बघत राहिला. हा माणूस काहीतरी लपवतोय, अशी मी मनात नोंद केली आणि पुढे निघालो, कारण गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या ताईचा निरोप आला होता. निरोप असा होता: "भुंग्या, ताबडतोब ये. येताना दूध आण."

ताईचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी, घड्याळं दुरुस्त करतात. घराची पुढची खोली हेच त्यांचं दुकान. रस्त्याकडे मोठी खिडकी, खिडकीला लागून टेबल, टेबलावर दिवा, चिमटे, इवलेसे स्क्रूड्रायव्हर आणि उघडी पडलेली घड्याळं. खिडकीबाहेर फुटपाथच्या कडेने झाडांची रांग आहे. हिवाळा नुकताच सरला होता, त्यामुळे झाडांना पानांच्या आधीच लांब लांब तुरे लोंबत होते. हे वर्णन मी केवळ वातावरणनिर्मितीसाठी करतो आहे. झाडांचा या प्रकरणाशी काही संबंध नाही, असं मला तेव्हा वाटत होतं.

मी आत पाऊल टाकलं आणि भाऊजींनी सलग चार शिंका दिल्या. डोळे लाल, पापण्या सुजलेल्या, नाक गळक्या नळासारखं वाहत होतं.

"पंधरा दिवस झाले," ताई म्हणाली. "ताप नाही, अंग दुखत नाही, खोकलाही नाही. नुसत्या शिंका. आणि डोळ्यांना खाज, नाकाला खाज, टाळ्यालासुद्धा खाज."

"टाळ्याला खाज सुटते तेव्हा काय करता?" मी भाऊजींना विचारलं.

"तुझं डोकं फोडावंसं वाटतं," भाऊजी म्हणाले आणि पुन्हा शिंकले.

विनोदाचा भाग सोडा, माणूस हैराण होता. डोळ्याला भिंग, हातात चिमटा आणि चिमट्यात मोहरीएवढं चाक, अशा वेळी शिंक आली की ते चाक कुठे गेलं हे फक्त चाकालाच माहीत. मागच्या आठवड्यात एक चाक असंच उडालं. तीन दिवस सगळं घर लोहचुंबक घेऊन रांगत होतं. चौथ्या दिवशी ते भाऊजींच्या चहाच्या तळाशी सापडलं. गिऱ्हाइकं परत जायला लागली होती.

आणि या सगळ्याचा आरोपी ठरला होता फौजदार.

फौजदार म्हणजे आईचा बोका. मिशा भरघोस, चाल सरकारी, काम शून्य, म्हणून हे नाव. बाबा गेले आणि आई ताईकडे राहायला आली, त्याच आठवड्यात हा कुठूनसा भिजत येऊन थेट आईच्या मांडीवर बसला. आई तोवर कोणाशी धड बोलत नव्हती. त्या दिवशी ती बोक्याशी बोलली, दुसऱ्या दिवशी बोक्याबद्दल आमच्याशी बोलली आणि हळूहळू बाकीच्या विषयांवर आली. म्हणून त्या बोक्याला आमच्या घरात फार मान आहे. माझ्यापेक्षा जास्तच आहे.

"मांजराच्या केसांनी होतं म्हणतात असं," ताई आवाज खाली आणून म्हणाली. "रविवारी मावशीचा मुलगा येतोय. तो फौजदाराला त्याच्या गावी घेऊन जाईल. आईला सांगितलं."

"काय म्हणाली?"

"बरं म्हणाली."

आतल्या खोलीत आई वेताच्या टोपलीला आतून जुन्या शालीचं अस्तर शिवत होती. बोका टोपलीत बसून माप देत होता. आईने वर पाहिलं नाही. मला ते बघवलं नाही, खरं सांगतो. मी तिथेच ठरवलं, की रविवारच्या आत खरा गुन्हेगार पकडायचा.

"आई, तू काळजी करू नकोस. मी आहे."

"म्हणूनच काळजी वाटते," आई म्हणाली. "अरे, मी काय म्हणते, मागच्या वर्षी..."

"आई, पुरावा बोलतो. माणसांनी बोलायचं नसतं." मी तिला प्रेमाने थांबवलं.

तपास सुरू करण्याआधी मी घरच्यांना दोन सूचना केल्या. एक, खिडकी सकाळपासून सताड उघडी ठेवा, ताज्या हवेसारखं औषध नाही. दोन, उशा आणि पांघरुणं रोज सकाळी बाहेर झाडांखालच्या दोरीवर टाका. घरातली धूळ मोठी कावेबाज असते. ताईने दोन्ही गोष्टी तंतोतंत केल्या. मंगळवारी भाऊजींच्या शिंका दुप्पट झाल्या. याचा अर्थ उघड होता: गुन्हेगार चवताळला होता.

माझा पहिला संशय पलीकडच्या चौकातल्या घड्याळवाल्यावर. धंद्यातला हेवा. तो गिऱ्हाईक असल्याचं भासवून मिरपूड भरलेली घड्याळं पाठवत असणार. मी दुकानातली एकोणतीस घड्याळं एकेक करून हुंगली. मिरपूड सापडली नाही. एका घड्याळाच्या पट्ट्याला मात्र असा वास होता, की त्या गिऱ्हाइकाबद्दल माझं मत कायमचं बदललं. तरी मी त्या घड्याळवाल्याची उलटतपासणी घ्यायला गेलो. तो स्वतःच शिंकत होता. मी म्हटलं, बघा, स्वतःच्याच खड्ड्यात पडला.

बुधवारी मी फरशी पुसायच्या नव्या औषधाला ताब्यात घेतलं. ताईने एक दिवस साध्या पाण्याने फरशी पुसली. काही फरक पडला नाही. ती म्हणाली, आता बाटली परत दे. मी म्हटलं, ती पुराव्यात जमा आहे. ती म्हणाली, मग उद्यापासून फरशी तू पूस. मी बाटली परत केली.

बुधवारीच मला तो भयंकर विचार सुचला. मी घरात पाऊल टाकलं की मिनिटाभरात भाऊजी शिंकायला लागतात. सोमवारी तेच, मंगळवारी तेच, आजही तेच. मी गेलो की हळूहळू थांबतात. म्हणजे काय? म्हणजे प्रेक्षक आला की नाटक सुरू. शिंका खोट्या होत्या.

आता भाऊजी एकटे असताना काय करतात, हे बघणं भाग होतं. गुरुवारी आणि शुक्रवारी कामावर जायच्या आधी मी खिडकीसमोरच्या झाडावर चढून बसलो. लोंबत्या तुऱ्यांमध्ये माझा कोट असा मिसळून गेला, की खालून जाणाऱ्या एका बाईंनी फक्त एवढंच विचारलं, "काका, अडकलात का?"

थोड्या वेळाने फौजदारही वर आला आणि माझ्या शेजारच्या फांदीवर बसला. ती त्याची रोजची जागा असावी. आम्ही दोघं एकाच खिडकीकडे बघत होतो. त्याच्या पाठीवर पिवळी पूड पडली होती. माझ्या बाह्यांवरही पडली होती. फांदी हलली की आणखी पडायची. मी ती चिमटीत धरून उन्हात पाहिली. बारीक, पिवळी, चमकदार. माझ्या अंगावर काटा आला. सोनं. मी ती हळूच एका पाकिटात भरली आणि वर लिहिलं: "सोन्याचा चुरा (संशयित)."

आता सगळं जुळलं. भाऊजी घड्याळांच्या पोटातून सोन्याची ने-आण करत होते. चुरा खिडकीतून उडून झाडावर बसत होता. बोक्याला ते कळलं होतं, म्हणून बोक्याची बदली. मला एकच गोष्ट छळत होती. गुरुवारी भाऊजी खिडकीत एकटे असूनही एकोणीस वेळा शिंकले. पण मी लगेच ओळखलं, ही तालीम होती. शुक्रवारी पहाटेपासून पाऊस लागून राहिला. मी झाडावर निथळत बसलो आणि भाऊजी दिवसभरात दोनदाच शिंकले, असं ताई नंतर म्हणाली. पावसात गिऱ्हाईक नाही, गिऱ्हाईक नाही तर नाटक कोणासाठी करणार? माझ्या तर्काला छिद्र म्हणून नव्हतं.

शनिवारी हवा कोरडी होती, वारा सुटला होता. संध्याकाळी मी सगळ्यांना दुकानात जमवलं. भाऊजी टेबलाशी, ताई दाराशी, आई खुर्चीत, फौजदार आईच्या मांडीवर. टोपली शिवून तयार होती, तिला झाकणाचं बटणसुद्धा लागलं होतं. तेवढ्यात लाँड्रीवाला इस्त्रीचे कपडे घेऊन आला. ताईने त्याला थांबायला सांगितलं. मीही हरकत घेतली नाही. सभेला श्रोता असलेला बरा.

"या खोलीत," मी म्हणालो, "एक गुन्हेगार बसला आहे."

"लवकर आटप," ताई म्हणाली. "गॅसवर दूध आहे."

"भुंग्या, जरा ऐक," आई म्हणाली. "मागच्या वर्षी याच दिवसांत..."

"आई, शेवटी बोल. भाऊजी, तुमचा खेळ संपला. माझ्यासमोर शिंकता आणि पावसात शिंकत नाही. का? कारण तुमच्या शिंका खोट्या आहेत. आणि खोट्या का, तर ह्याच्यासाठी." मी पाकीट काढलं, भाऊजींच्या नाकाजवळ नेलं आणि एका झटक्यात उघडलं.

वाऱ्याची झुळूक नेमकी तेव्हाच आली.

भाऊजी शिंकले. अकरा वेळा. मी मोजल्या, कारण मोजणं हे आमचं कामच असतं. पहिल्या शिंकेला दिवा कलंडला, तिसरीला डोळ्यावरचं भिंग उडालं, सातवीला फौजदार कपाटावर गेला. अकरावीनंतर भाऊजी टेबलावर डोकं टेकून बसले आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. त्यात रडण्याचा भाग किती होता ते मला सांगता येणार नाही.

"एवढ्या शिंका खोट्या येत नाहीत रे," आई हळूच म्हणाली.

लाँड्रीवाला पुढे आला. त्याने तोंडावरचा रुमाल वर ओढला, पाकिटात डोकावलं आणि म्हणाला, "साहेब, हे सोनं असेल तर मी फार मोठा श्रीमंत आहे. माझ्याकडे कॉलरीतून झाडलेलं डबाभर निघेल."

"म्हणजे?"

"झाडांचे परागकण आहेत हे. तुरे आले की चार-सहा आठवडे सगळ्या गल्लीचे कोट असे पिवळे होऊन येतात. मला कॅलेंडर लागत नाही, कॉलरी बघून महिना सांगतो मी. मलाही हाच त्रास आहे, म्हणून तर हा रुमाल. गेल्या सोमवारी तुम्हाला तेच सांगत होतो, की या दिवसांत तरी कोट टाका."

त्याने इस्त्रीच्या गठ्ठ्यातून एक पांढरा हातरुमाल काढला, ओला केला आणि खिडकीच्या चौकटीवरून फिरवला. पिवळा झाला. दोरीवरून आणलेल्या उशीवरून फिरवला. पिवळा. कपाटावर हात घालून फौजदाराच्या पाठीवरून फिरवला. फिकट पिवळा. मग तो माझ्याकडे वळला आणि त्याने माझ्या कोटाच्या खांद्यावरून एकदाच रुमाल ओढला. रुमाल हळदीत बुडवल्यासारखा निघाला.

मी माझे पुरावे मनातल्या मनात पुन्हा एकदा तपासले. मी आलो की शिंका, मी गेलो की कमी. पाऊस पडला की पराग खाली बसतात, म्हणून शिंका नाहीत. खिडकी उघडायला लावली मी. उशा झाडाखाली टाकायला लावल्या मी. दोन दिवस त्याच झाडावर बसून, तोच कोट घालून रोज संध्याकाळी भाऊजींच्या नाकाशी वाकून उभा राहिलो, तोही मी. प्रत्येक पुरावा बिनचूक होता. फक्त बोट भलतीकडे रोखलं होतं.

"आई," ताई म्हणाली, "तू मघाशी काय म्हणत होतीस?"

"सोमवारपासून म्हणतेय," आई म्हणाली. "फौजदार आपल्याकडे आला त्याला अजून वर्ष झालेलं नाही. मागच्या वर्षी मी चार दिवस इकडे आले होते ना, तुझ्या बाबांना घेऊन डॉक्टरकडे, ते याच दिवसांत. तेव्हाही जावई असेच शिंकत होते. सर्दी झाली म्हणाले. तेव्हा मांजर कुठे होतं?"

भाऊजींनी डोकं वर केलं. "त्याच्या आदल्या वर्षीही झाली होती सर्दी," ते म्हणाले. "तुरे आले होते. मला आठवतंय, मी खिडकीतून बघत होतो." मग ते आईकडे वळले. "आई, चूक झाली माझी. उगाच त्या मुक्या जिवावर आळ घेतला."

"तुम्ही बेजार होतात हो," आई म्हणाली. "तुमचा काय दोष. पण माझंही कोणी ऐकलं असतं तर बरं झालं असतं." हे बोलताना ती माझ्याकडे बघत होती.

रविवारी सकाळी ताई भाऊजींना दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरबाईंनी पाचच मिनिटांत विचारलं, दर वर्षी याच सुमारास होतं का, पाण्यासारखं नाक वाहतं का, खाज सुटते का, ताप नाही ना. सगळ्याला हो म्हटल्यावर त्या म्हणाल्या, ही परागकणांची अॅलर्जी दिसतेय, सर्दी नाही. मांजराचा त्रास असता तर वर्षभर झाला असता. रोज एक गोळी दिली, ती झोप न आणणारी, कारण चिमट्यात मोहरीएवढं चाक धरायचं असतं. नाकात मारायचा फवारा दिला आणि बजावलं की हा मनाला येईल तेव्हा नाही, रोज मारायचा. छातीत घरघर झाली किंवा दम लागला तर तडक यायचं. आणि पुढच्या वर्षी तुरे येण्याच्या दोन आठवडे आधीच औषध सुरू करायचं. ताईने लगेच भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण केली आणि खाली लिहिलं, "लाँड्रीवाल्याला विचारणे."

घराचे नियमही बदलले. कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी खिडकी बंद. कपडे आणि उशा घरातच वाळत. बाहेरून आलं की आधी आंघोळ आणि कपडे बदलायचे. उशांचे अभ्रे दर दोन दिवसांनी धुवायचे. फौजदार फिरून आला की उंबऱ्यावरच त्याला ओल्या फडक्याने पुसायचं. आठवड्याभरात भाऊजींनी अडकलेली सगळी घड्याळं संपवली. एखादी शिंक यायची, पण चाकं जागेवर राहायची. पलीकडच्या चौकातला घड्याळवालाही त्याच डॉक्टरबाईंकडे जाऊन आला, असं ऐकतो. मला कोणी श्रेय दिलं नाही. मी मागितलंही नाही. दोनदा सुचवलं फक्त.

ठरल्याप्रमाणे त्या रविवारी मावशीचा मुलगा आला. टोपलीही ठरल्याप्रमाणे घराबाहेर पडली. शालीच्या अस्तरावर, झाकणाचं बटण नीट लावून, आईने तिच्यात माझा कोट घातला होता आणि तो मावशीच्या मुलाच्या हाती कोपऱ्यावरच्या लाँड्रीत रवाना झाला. फौजदार खिडकीच्या बंद काचेमागून बघत होता. सुटकेनंतर एखाद्याने इतकं शांत दिसावं, हे मला जरा खटकलंच.

"नाव काही उगाच पडत नाही," भाऊजी म्हणाले. "भुंगाच तो. फुलावरचं उचलणार आणि दुसरीकडे नेऊन टाकणार." ते हसले, आणि हसताना एकदाही शिंकले नाहीत.

आता रोज संध्याकाळी मी ताईकडे गेलो की उंबऱ्याबाहेर थांबतो. बहुतेक वेळा फौजदार आधीच रांगेत असतो. आई बादली आणि फडकं घेऊन बाहेर येते, खाली बसते, त्याला कानांपासून शेपटीपर्यंत पुसते, त्याच्याशी दिवसभराचं बोलते. मी बूट काढून उभा असतो. मग ती फडकं पिळते, वर बघते आणि म्हणते, "चल, हात पुढे कर." मी हात पुढे करतो. काल ती माझी बाही पुसता पुसता म्हणाली, बाबा असते तर किती हसले असते. आणि स्वतःच इतकी हसली, की फौजदार उंबऱ्यावरून मागे वळून बघायला लागला.